नाव ठेवणं आणि नावं ठेवणं : ‘फनी बॉय’ची कादंबरी आणि चित्रपट



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर ‘ओळख आणि प्रतिनिधित्व’ असे दोन जड शब्द छापले आहेत. त्यांतला दुसरा शब्द आधी जरा सैल करून घेऊ. इंग्रजीत ‘रिप्रेझेंटेशन’ म्हटलं की एकाच शब्दात दोन कामं उरकतात. आमदार आपलं रिप्रेझेंटेशन करतो आणि चित्रकार झाडाचं रिप्रेझेंटेशन करतो. मराठीत आपण ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. आमदार करतो ते प्रतिनिधित्व, चित्रकार करतो ते चित्रण. जर्मनमध्येही असे दोन शब्द आहेत. मार्क्सच्या लुई बोनापार्टवरच्या १८५२च्या लेखनात ते येतात, आणि गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात या दोन शब्दांमधलं अंतर फार बारकाईने तपासलं. मला त्यातून घ्यायचं आहे ते एवढंच, की चित्रण करणारा बघता बघता प्रतिनिधी होऊन बसतो आणि ही अदलाबदल झाली हे कुणाला कळत नाही. सिनेमात तर हे हमखास होतं. दिग्दर्शक म्हणतो, मी एका मुलाची गोष्ट सांगितली. प्रेक्षकांतून एक समाज उठून विचारतो, तुम्ही आमच्या वतीने बोललात, पण तुम्हाला नेमलं कुणी?

दीपा मेहता यांच्या ‘फनी बॉय’ या चित्रपटाच्या वाट्याला अगदी हेच आलं. चित्रपट २०२०चा, कॅनडातल्या निर्मितीचा, श्रीलंकेत चित्रित झालेला. श्याम सेल्वदुराई यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कादंबरी १९९४ साली आली. पटकथा मेहता आणि सेल्वदुराई यांनी मिळून लिहिली, म्हणजे ‘लेखकाला न विचारता कादंबरीची वाट लावली’ ही आपली नेहमीची तक्रार इथे चालणार नाही. गोष्ट कोलंबोतल्या एका खात्यापित्या तमिळ घरातली. अर्जी चेल्वरत्नम् हा मुलगा सातेक वर्षांचा असल्यापासून १९८३च्या दंगलीपर्यंतची. तो मुलगा आहे, त्याला मुलगे आवडतात, आणि तो तमिळ आहे. यांतलं प्रत्येक वाक्य त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे बघा. ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं. आणि अनुस्वार देऊन अनेकवचन केलं, ‘नावं ठेवणं’, की लगेच निंदा. बारसं आणि निंदा यांच्यात आपण एका टिंबाचं अंतर ठेवलंय. अर्जीच्या आयुष्यात तेवढंही अंतर उरत नाही.

कादंबरीचं पहिलं प्रकरण आठवा. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रविवारी सगळी चुलत-आते भावंडं आजी-आजोबांच्या घरी जमतात. मुलगे पुढच्या अंगणात आणि रस्त्यावर क्रिकेट खेळतात, मुली मागच्या अंगणात ‘नवरी-नवरी’ खेळतात. अर्जी मुलींच्यात. आणि तिथे तो नुसता सामील नाही, तो नवरी आहे. जुनी पांढरी साडी, ओढणी, फुलं. हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं आहे. मग परदेशातून एक चुलत बहीण येते, तिला नवरी व्हायचं असतं, भांडण होतं, आणि ते भांडण मोठ्यांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत पोचतं. एक काकू त्याला साडीसकट ओढत सगळ्यांसमोर उभा करते. एक काका हसत हसत त्याच्या वडिलांना म्हणतो, की तुझं हे पोर जरा ‘फनी’ दिसतंय. झालं बारसं.

आता या शब्दाचं काय करायचं हे त्या मुलाला कळत नाही. ‘फनी’ म्हणजे विनोदी? पण कुणी मनापासून हसत नव्हतं. ‘फनी’ म्हणजे विचित्र? पण विचित्र काय घडलं? त्याला अर्थ लागत नाही, पण आवाजातली किळस मात्र कळते. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. आपण समजतो की शब्दाचा अर्थ आधी कळतो आणि मग तो लागतो. इथे शब्द आधी लागतो. अर्थ पुढची सातआठ वर्षं हळूहळू येत राहतो. फ्रान्झ फॅनन यांनी गोऱ्यांच्या देशातल्या काळ्या माणसाच्या अनुभवाबद्दल असंच काही सांगून ठेवलंय: रस्त्यातून जाताना एक लहान मूल बोट दाखवतं, आणि त्या क्षणी माणूस आपल्याच कातडीत कोंडला जातो. ओळख ही आत कुठेतरी तयार असते आणि आपण ती शोधून काढतो, असं एक लोकप्रिय मत आहे. वयात येण्याच्या बहुतेक कथा या मतावर चालतात. मुलगा स्वतःला शोधतो, सापडतो, पडदा पडतो. ‘फनी बॉय’ त्या जातीची गोष्ट नाही. इथे मुलाला हाक मारली जाते आणि वळून बघितल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं.

चित्रपटाला हे जमलंय का? मला वाटतं, हा भाग जमलाय. आणि तो जमणं सोपं नव्हतं. कादंबरीत निवेदन ‘मी’चं आहे. साडी नेसताना त्या पोराला आतून काय होतं, आपण रोजच्या आपल्यापासून सुटून काहीतरी अधिक सुंदर, अधिक तेजस्वी झालोय असं कसं वाटतं, हे आपण त्याच्या आत बसून वाचतो. कॅमेऱ्याला आत बसता येत नाही. कॅमेरा लावला की दिसतो तो साडी नेसलेला एक मुलगा, म्हणजे त्या बैठकीतल्या काकांना जो दिसला तोच. प्रेक्षक न मागता काकांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसतो. तिथून त्याला उठवून मुलाच्या बाजूला आणणं हे दिग्दर्शकाचं काम. मेहतांना त्यात आरुष नंद या बालनटाची मोठी मदत झाली आहे. खोलीत हसू पसरत असताना त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद विझायला जरा उशीर होतो. त्याला वाटतं, सगळे आपल्यासारखेच खूश आहेत. मग त्याच्या लक्षात येतं. तेवढा उशीर पुरेसा आहे.

मेहतांना मुलाच्या डोळ्यांनी दंगल दाखवायचा सराव होताच, हेही सांगितलं पाहिजे. १९९८चा ‘अर्थ’ बाप्सी सिधवांच्या कादंबरीवरचा. त्यात लाहोरच्या फाळणीकडे एक पारशी मुलगी बघते. पण ती मुलगी पारशी आहे. हिंदू-मुस्लिम-शीख यांच्यात जे चाललंय त्यापासून ती एक पाऊल बाहेर आहे. अर्जीला ती सवलत नाही.

आता दुसरं बारसं. ‘तमिळ’ हे नाव.

कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात अर्जीची आत्या, राधा, अमेरिकेहून येते. तिचं लग्न ठरवायचं चाललेलं असतं, आणि तिची एका सिंहली तरुणाशी मैत्री होते. आजीचा, म्हणजे अम्माचीचा, संताप होतो. त्या पोराला कळेना की हा अनिल तर चांगला माणूस आहे, मग आजी एवढी का भडकली? तेव्हा त्याला कळतं, की अम्माचीच्या वडिलांना पन्नाशीच्या दशकातल्या दंगलीत मारलं होतं. म्हणजे आपण तमिळ आहोत हे त्याला एका प्रेताच्या गोष्टीतून कळतं. भाषेतून, सणातून, जेवणातून नव्हे. पुढे राधा आत्याच्या गाडीवर हल्ला होतो आणि ती जखमी होऊन परतते. त्यानंतर तिला अनिल नकोसा होतो. तिलाही नाव बाहेरूनच चिकटतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५६ साली श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. १९५८ साली दंगली. १९८१ साली जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आलं. तिथली दुर्मिळ हस्तलिखितं त्यात गेली. २३ जुलै १९८३ला जाफन्यात तमिळ वाघांनी तेरा सैनिक मारले आणि दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं पेटायला लागली. मृतांचे अंदाज चारशेपासून तीन हजारांपर्यंत वेगवेगळे दिले जातात. टोळ्यांच्या हातात मतदारयाद्या होत्या, त्यावरून तमिळ घरं शोधली गेली. जरा थांबून या गोष्टीकडे बघा. मतदारयादी म्हणजे काय? प्रतिनिधित्वाचा पहिला कागद. मला माझा प्रतिनिधी निवडता यावा म्हणून माझं नाव तिच्यात लिहिलेलं असतं. राजकीय प्रतिनिधित्व शिकवताना मी वर्षानुवर्षं हॉब्ज सांगितला, हॅना पिटकिन सांगितल्या. पण त्या यादीचा असा उपयोग होऊ शकतो हे कुठल्या सिद्धान्तात बसवायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

आणि रस्त्यात अडवलेल्या माणसाकडे तर यादीत बघायला वेळ नसतो. तिथे जीभ तपासली जायची. दंगलींच्या आठवणींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. अडवलेल्या माणसाला ‘बाल्दिया’ म्हणायला सांगायचे. सिंहलीत बाल्दिया म्हणजे बादली. तमिळ वळणाच्या जिभेला तो सुरुवातीचा ‘ब’ दगा देतो. चुकलात की मेलात. बायबलमध्ये ‘शिबोलेथ’ची गोष्ट आहे ती अशीच, नदीच्या उतारावर ‘श’ म्हणता येतो की नाही यावरून माणसं कापली. पण मला या बाल्दियाची जास्त शरम वाटते, कारण हा शब्द सिंहली नाहीच. तो पोर्तुगीजांचा. त्यांनी तो श्रीलंकेत सोडला तसा आपल्या किनाऱ्यावरही सोडला. कोकणात, मुंबईत आपण ‘बालदी’ म्हणतो तीच ही. शुद्ध सिंहली कोण हे ठरवायला माप घेतलं ते लिस्बनहून आलेलं.

हे सगळं मनात ठेवून आता वादाकडे येऊ. चित्रपटाची जाहिरात बाहेर पडली आणि कॅनडातल्या तमिळांनी आक्षेप घेतला. बहिष्काराची हाक दिली गेली. आक्षेप दोन. एक, मुख्य भूमिकांत तमिळ नट फारसे नाहीत. वडिलांच्या भूमिकेत अली काझमी हे पाकिस्तानी वंशाचे, राधा आत्याच्या भूमिकेत आगम दर्शी या पंजाबी वंशाच्या. दोन, पडद्यावरची तमिळ तमिळ माणसाला कळत नाही, इतकी तिची उच्चारातच मोडतोड झाली आहे. यावर नेहमीची उत्तरं आली: कला वैश्विक असते, अभिनय म्हणजेच दुसरं होणं, वगैरे.

माझं मत सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या आक्षेपाची गल्लत करू नये. ते वेगळे आहेत आणि त्यांची वजनंही वेगळी आहेत.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्या गोष्टीत जिभेच्या वळणावरून माणूस जगणार की मरणार हे ठरतं, त्या गोष्टीत जिभेचं वळण ही तांत्रिक बाब राहत नाही. तो त्या कथेचा आशय आहे. अम्माची तमिळ बोलते तेव्हा तिच्या वडिलांच्या मरणाचं कारण तिच्या तोंडून ऐकू यायला हवं. ते ऐकूच येत नसेल तर त्या घराला लागलेली आग दिसते, का लागली ते दिसत नाही. तमिळपण हे मग दागिन्यासारखं, कुंकवासारखं, पात्राच्या अंगावर घातलेलं राहतं. आणि उच्चार शिकता येतात. त्याला घाम गाळावा लागतो, शिकवणारा बसवावा लागतो, दहादा पुन्हा म्हणावं लागतं. चित्रपटातले इंग्रजी संवाद सफाईदार आहेत. म्हणजे कान होते. ते कुठे लावायचे याचा अग्रक्रम चुकला.

मराठी माणसाला हे कळायला कोलंबोपर्यंत जायला नको. ‘पाणी’ आणि ‘पानी’. ‘आणि’ आणि ‘आनी’. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे एका मुलाने वर्गात उतारा वाचताना ‘लोनी’ म्हटलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा मोठ्याने वाचलं नाही. एवढ्या एका व्यंजनावरून त्या हसणाऱ्याने त्याचं गाव, त्याची जात, त्याच्या आईचं शिक्षण सगळं ताडलं होतं. आता उद्या त्या मुलावर सिनेमा काढला आणि नटाच्या तोंडी लख्ख सदाशिवपेठी ‘ण’ घातला, तर तुम्ही म्हणाल का, की किरकोळ बाब आहे? उलट, उगाच जिथेतिथे ‘न’ पेरून ‘गावरान’ भाषा बनवणारे मालिकावाले आपल्याकडे आहेतच. तो प्रकार तर त्याहून वाईट.

पहिल्या आक्षेपाचं मात्र मला दोन तुकडे करावेसे वाटतात. एक तुकडा कामाच्या वाट्याचा. टोरांटो आणि आसपास श्रीलंकेतल्या तमिळांची मोठी वस्ती आहे, आणि ती वाढली ती बरीचशी १९८३नंतर, म्हणजे याच गोष्टीत जे घडतं त्यातून पळून. त्या शहराच्या देशात, त्या देशाच्या पैशावर, त्यांची गोष्ट सांगणारा सिनेमा निघतो आणि त्यांच्या मुलांना त्यात ठळक भूमिका मिळत नाहीत. हा प्रश्न न्यायाचा आहे, सौंदर्यशास्त्राचा नाही, आणि न्यायाच्या प्रश्नाला ‘कला वैश्विक असते’ हे उत्तर होत नाही.

दुसरा तुकडा रक्ताचा: तमिळ माणूस तमिळाच्याच पोटचा नट साकारू शकतो. हे मला मान्य नाही, आणि इथे मला गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कै यांच्यातला वाद उपयोगी पडतो. गुरूंनी २००२ साली प्रश्न उभा केला की दलितांच्या अनुभवावर सिद्धान्त कोण रचतंय. पुढे या दोघांच्या संवादातून २०१२ साली ‘द क्रॅक्ड मिरर’ हे पुस्तक झालं. आपल्याकडे दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभव आणि सहानुभूती ही जोडी जुनीच आहे, पण सरुक्कै त्यात एक धारदार भर घालतात. अनुभवाचा धनी वेगळा आणि अनुभव रचून मांडणारा वेगळा. आणि जगलेला अनुभव म्हणजे कुठला? ज्यातून उठून जाण्याची मोकळीक नसते तो. झोपडपट्टीत आठ दिवस राहून आलेल्या अभ्यासकाकडे परतीचं तिकीट असतं; तिथे राहणाऱ्याकडे नसतं. ही कसोटी मला पटते, कारण ती रक्त मागत नाही. ती विचारते, तुला उठून जाता येत होतं का?

आता ही कसोटी खुद्द अर्जीला लावून बघा, म्हणजे वादातल्या दोन्ही बाजूंची पंचाईत कळेल. कादंबरीतला अर्जी शाळेत सिंहली माध्यमात शिकतो. त्याच्या वडिलांनी पहिलीपासून त्याला तिथे घातलंय, कारण पुढचा जमाना सिंहलीचा आहे असा त्यांचा हिशेब. नव्या शाळेत एक सिंहली मुलगा त्याला दरडावतो, की तू तमिळ, तू तमिळांच्या वर्गात जा. आणि जाणार कसा? त्याचं शिक्षणच सिंहलीतून झालंय. घरात मोठी माणसं इंग्रजीत वावरतात. कादंबरी इंग्रजीत आहे. लेखक स्वतः तमिळ वडील आणि सिंहली आई यांच्या पोटी कोलंबोत १९६५ साली जन्मलेला. आता सांगा, या मुलासाठी ‘अस्सल तमिळ’ नट आणायचा, तर त्याची तमिळ किती अस्सल पाहिजे? अर्जीचं खरं चित्रण करायचं तर त्याच्या तमिळमध्ये खोट असायलाच हवी. फक्त ती खोट अर्जीची हवी: सिंहली शाळेची, इंग्रजी घराची. तालमीला कमी वेळ मिळाल्याची नको. वाईट बोलणं आणि वाईट बोलणाऱ्याचं चांगलं चित्रण यांतला फरक नटाला माहीत असतो.

याच्यावर कडी केली ती ऑस्करच्या अकादमीने. कॅनडाने हा चित्रपट आंतरराष्ट्रीय विभागासाठी पाठवला. त्या विभागाचा नियम असा की निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीखेरीज इतर भाषेत हवेत. मोजमाप झालं, इंग्रजी जास्त भरली, चित्रपट त्या विभागातून बाद. टोरांटोच्या तमिळांच्या लेखी याची तमिळ पुरेशी तमिळ नाही, आणि लॉस एंजेलिसच्या लेखी हा पुरेसा परदेशी नाही. कोलंबोतल्या एका विशिष्ट वर्गाचं सगळं दुखणं या दोन निकालांच्या मध्ये आहे. तो वर्ग इंग्रजीत जगत होता आणि समजत होता की इंग्रजी हे आपलं छत्र आहे, सिंहली-तमिळ भांडण खालच्या गल्लीतलं. १९८३च्या जुलैत कळलं की मतदारयादीत ‘इंग्रजी’ असा रकाना नसतो.

चित्रपटाबद्दल माझी मोठी तक्रार इथे आहे, आणि ती वादात फारशी कुणी केली नाही. वर्गाचा प्रश्न चित्रपटात पातळ झालाय. सहा कथांची कादंबरी पावणेदोन-दोन तासांत बसवताना काहीतरी गळणार, कबूल. पण कादंबरीतला बाप लक्षात राहतो तो त्याच्या हॉटेलमुळे. समुद्रकिनाऱ्यावर त्याचं हॉटेल आहे. तिथे परदेशी पाहुणे गावातल्या गरीब मुलांना पैसे देऊन खोलीवर नेतात, आणि हा गृहस्थ ते धंद्याचा भाग म्हणून चालवून घेतो. हाच बाप मुलगा ‘फनी’ निघू नये म्हणून त्याला कडक शाळेत घालतो, तिथे तू मर्द होशील म्हणतो. म्हणजे त्याला त्या संबंधाची किळस नाही, आपल्या घरात त्याची शोभा होण्याची भीती आहे. दुसऱ्याचं गरीब पोर असेल तर तो पर्यटन व्यवसाय. या एका तपशिलात ओळखीच्या राजकारणाबद्दल जेवढं कळतं तेवढं चारदोन परिषदांत कळत नाही. कारण ती किनाऱ्यावरची मुलं कुणाचीच प्रतिनिधी नाहीत. त्यांच्यासाठी तमिळ संघटना पत्रक काढत नाही आणि त्यांच्यावर कुणी पुरस्काराचा सिनेमा करत नाही. कादंबरीतही त्यांना नावं नाहीत. पण निदान ती दिसतात.

मेहतांच्या बाबतीत एक योगायोग सांगतो, तो आपल्याशी थेट जोडलेला आहे. त्यांचा ‘फायर’ मुंबईत लागलेला असताना १९९८च्या डिसेंबरात थिएटरमध्ये घुसून मोडतोड झाली होती. तेव्हाचा युक्तिवाद काय होता? दोन बायकांचं असलं प्रेम आपल्या संस्कृतीत नसतंच, तुम्ही नसलेलं दाखवता. बावीस वर्षांनी त्याच दिग्दर्शिकेला दुसऱ्या गावात सांगितलं गेलं, की हे आमच्यात आहे, आम्हीच ते आहोत, पण तुम्ही ते आमच्याविना दाखवता. आक्षेप घेणाऱ्यांत तमिळ समलिंगी तरुणही होते, हे लक्षात घ्या. पहिला आक्षेप तोंड दाबणारा, दुसरा तोंड मागणारा. दोघांनाही ‘असहिष्णू’ या एकाच खुंटीला टांगणारे लेख मी वाचले आणि मला वाईट वाटलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या मते कादंबरीतला सर्वांत खोल आहे. अर्जीच्या त्या कडक शाळेचा मुख्याध्यापक छडीचा भोक्ता आहे. मुलं त्याला ‘ब्लॅक टाय’ म्हणतात. अर्जीचा मित्र शेहान याच्यावर त्याचा विशेष राग. शेहान सिंहली आहे, आणि अर्जीचं त्याच्यावर प्रेम आहे. शाळेच्या समारंभात अर्जीला हेन्री न्यूबोल्टच्या दोन इंग्रजी कविता म्हणायच्या असतात: साम्राज्य, क्रिकेट, शाळेची शान, असला सगळा मामला. मुख्याध्यापकाचं भाषण त्या कवितांवर बेतलेलं. आणि गोम अशी, की याच मुख्याध्यापकाचं आसन टिकणं तमिळ मुलांच्या हिताचं आहे. तो गेला तर शाळा बौद्ध-सिंहली गटाच्या ताब्यात जाणार. एक तमिळ शिक्षक अर्जीला हे समजावूनही सांगतात. म्हणजे त्या मंचावर अर्जी शाळेचा प्रतिनिधी आहे आणि, कुणी उघड म्हटलं नाही तरी, तमिळांचाही.

आणि तो काय करतो? कविता मुद्दाम चुकीच्या म्हणतो. ओळी उलटसुलट करतो, शब्दांचा चुराडा करतो. पुढचं भाषण त्यामुळे हास्यास्पद होतं. ज्या देशात उच्चार चुकला तर जीव जातो तिथे हा मुलगा उच्चार चुकवून सूड घेतो. आपल्या जमातीचं हित एका पारड्यात आणि शेहानच्या पाठीवरचे वळ दुसऱ्या पारड्यात. त्याने शेहान निवडला. चूक की बरोबर? पुढच्या महिन्यांत कोलंबोत जे झालं ते माहीत असताना त्याला ‘बरोबर’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला ‘चूक’ म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मला उभं राहायचं नाही. त्याला दोन नावं दिली गेली होती, ‘फनी’ आणि ‘तमिळ’, आणि ती दोन नावं त्याला दोन दिशांना ओढत होती. दोन्हींचा प्रतिनिधी एकाच वेळी होता येत नाही. चित्रणात मात्र दोन्ही एकाच शरीरात दाखवता येतात. कादंबरीला ते जमतं. चित्रपटाला पूर्वार्धात जमतं, उत्तरार्धात दंगल सुरू झाली की तो एका नावाच्या मागे धावतो आणि दुसरं हातातून सुटतं.

कायद्याचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे कलम ३७७चा तो भाग ६ सप्टेंबर २०१८ला गेला. श्रीलंकेच्या दंडसंहितेत १८८३पासून तसंच कलम आहे, आणि १९९५ साली ते बायकांनाही लागू करण्यात आलं. समानता अशीही येते. ते काढायला मांडलेलं विधेयक घटनाविरोधी नाही असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण रोजनिशीच्या रूपात आहे. इतका वेळ सलग गोष्ट सांगणारा मुलगा अचानक तारखा घालून तुकड्या-तुकड्यात लिहायला लागतो. आजी-आजोबांना त्यांच्या गाडीत जाळून मारलं जातं. घर जळतं. ज्या शेहानशी त्याचं सगळं जुळलं तो सिंहली आहे, आणि आपण नाही, हे त्याला या दिवसांत पहिल्यांदा खरोखर जाणवतं. इतकी वर्षं त्या दोघांमध्ये हा शब्द आलाच नव्हता. मग कुटुंब कॅनडाला निघतं, तिथे त्याच्यासाठी आणखी एक नाव तयारच आहे: निर्वासित. तेही दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं.

प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने बोला.